सहा-सात वर्षांच्या पोरांना गोलवर मारायला शिकवताना

सहा-सात वर्षांच्या पोरासमोर चेंडू ठेवावा, थोड्या अंतरावर गोल दाखवावा आणि आपण गप्प उभं राहावं. पोरगं आधी भरपूर मागं जातं. मग सुसाट धावत येतं, शेवटच्या क्षणी मान वर करून गोलकडं बघतं आणि बुटाच्या टोकानं चेंडूला ठोकर घालतं. चेंडू कधी कुंपणावर जातो, कधी कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीवर. क्वचित गोलातही जातो, आणि मग पुढं कितीतरी दिवस ते तसंच मारत राहतं. एकदा गेला होता ना!

कोल्हापुरात हे जरा जास्तच होतं. इथं पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या मंडळांनी फुटबॉलही त्याच ईर्षेनं धरला. दोन पेठांचा सामना असला की गॅलरी भरते, आणि चेंडू पेनल्टी बॉक्सच्या आसपास आला की हजारो गळ्यांतून एकच आवाज येतो : ‘मार!’ बापाच्या खांद्यावर बसून आलेल्या पोराच्या कानात तोच बसतो. मारायचं म्हणजे जोरात मारायचं, ही समजूत घेऊनच ते मैदानावर येतं.

मी स्वतः काही वर्षं एका तालमीच्या संघात मागच्या फळीत खेळलो. गोल मारण्यापेक्षा अडवण्यातच माझं आयुष्य गेलं. गुडघा गेल्यावर खेळ सुटला. पुढं आमच्या पेठेतल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी विचारलं, ‘सकाळी तासभर बारक्या पोरांना घेता का? मोठ्यांना शिकवायला सगळेच तयार असतात, या चिंगळ्यांना कोण बघत नाही.’ नोकरी पतसंस्थेत, दहाला सुरू होणारी. हो म्हटलं. पासिंग, ड्रिबलिंग पोरं खेळता खेळता उचलत होती. अडत होतं ते गोलवर मारण्यापाशी, म्हणून एक अख्खा हंगाम मी त्याच्याच मागं लागलो.

पहिली गोष्ट बदलली ती चेंडू. शाळेत होते ते सगळे पाच नंबरचे, मोठ्यांच्या सामन्यांचे. नियमाप्रमाणं त्याचा परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. पहिली-दुसरीतलं पोर असतं वीस-बावीस किलोचं. म्हणजे चेंडू त्याच्या वजनाच्या दोन टक्के. सत्तर किलोच्या माणसाला त्याच हिशेबानं जवळजवळ दीड किलोचा चेंडू द्यावा लागेल. तो मारून दाखवा म्हटलं तर आपणही अंगठाच पुढं करू. पोर पायाच्या टोकानं मारतं त्यात त्याचा मूर्खपणा नसतो. घोट्यात जोर नाही, चेंडू जड आहे, तेव्हा कमी ताकदीत जास्त लांब पाठवायचा जो मार्ग त्याच्या शरीराला सापडतो, तो ते धरतं.

तीन नंबरचा चेंडू तीनशे ग्रॅमच्या आसपास असतो. मुख्याध्यापकांकडं तो मागितला तर ते म्हणाले, ‘छोटे चेंडू घेऊन काय करायचं? पोरं उद्या मोठी होणारच आहेत.’ शेवटी पालकांनी वर्गणी काढली आणि चेंडू आले. दुकानदारानं पंपानं टणक करून दिले होते, त्यातली हवा मी थोडी सोडली. मोठ्यांच्या सामन्यात ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर एवढा दाब चालतो. आमच्या सरावाला खालच्या हद्दीपेक्षाही मऊ चेंडू बरा. अंगठ्यानं दाबला की थोडा आत गेला पाहिजे. असा चेंडू पायाला चिकटून सुटतो, उसळून पळत नाही, आणि मुख्य म्हणजे लागत नाही. ज्याला पहिल्याच दिवशी पाय झणझणल्याचा अनुभव येतो, ते पोर पुढं चेंडूला पाय लावतानाच डोळे मिटतं.

दुसरी गोष्ट गोल. मोठा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. सात वर्षांचं पोर असतं एकशेवीस सेंटीमीटरच्या आगंमागं. आडवा बार त्याच्या दुप्पट उंचीवर. अशा गोलात गोलकीपर म्हणून त्याच्याच वयाचा भिडू उभा केला की पोरं पटकन हुशारी शिकतात. चेंडू नुसता उचलायचा, गोलकीपरच्या डोक्यावरून गेला की झालं. लहान गटाच्या कितीतरी स्पर्धा अशाच जिंकल्या जातात, आणि जिंकणाऱ्याला वाटतं आपल्याला शूटिंग येतं. ते पोर चौदा वर्षांचं होतं, समोर हात वर करून बार गाठणारा गोलकीपर येतो आणि सगळी हुशारी त्याच्या हातात जाऊन पडते.

आम्ही प्लंबरकडून पीव्हीसी पाइप, एल्बो आणि टी आणून दोन मीटर रुंद, एक मीटर उंच असे चार गोल जोडले. जाळी म्हणून भाजीवाल्याकडची कांद्याची पोती उसवून बांधली. पाइपमध्ये वाळू भरली. शाळेत एक जुना लोखंडी, हलवता येणारा गोल पडून होता, तो वापरा असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. मी त्याला हात लावू दिला नाही. असले गोल जमिनीला बांधलेले नसले आणि पोरं बारला लोंबकळली तर उलटून अंगावर येतात. जगभरात त्यानं पोरं दगावली आहेत. पुढं त्याला मागून वाळूची पोती बांधली, खुंट्या ठोकल्या, तेव्हाच तो मैदानात आला, तोही मोठ्या पोरांसाठी.

आता प्रत्यक्ष मारणं. पुस्तकी क्रम असा असतो, की आधी पायाच्या आतल्या बाजूनं, मग बुटाच्या लेसवरनं, मग हलता चेंडू. क्रम बरोबरच आहे, पण पोरांना आतल्या बाजूनं मारणं म्हणजे गोल मारणं वाटतच नाही. ‘सर, हा तर पास आहे!’ हे मला पहिल्याच आठवड्यात ऐकून घ्यावं लागलं. मग मी गोलाच्या दोन्ही खांबांपासून थोडं आत एकेक प्लास्टिकचा कोन ठेवला. खांब आणि कोन यांच्यामधून गेला तर दोन गुण, मधून गेला तर एक. जोराला गुण नाहीत. दोन-तीन दिवसांत पोरांनी स्वतःच शोधून काढलं की कोपऱ्यात पाठवायचा तर पायाची आतली बाजू लावावी लागते. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुन्हा टोकानंच मारलं असतं.

या वयाच्या पोरांना शिकवताना माझं निम्मं काम मैदान मांडण्यात गेलं. बोलून जे होत नाही ते मांडणीनं होतं. गोल लहान केला की पोर नेम धरतं. अंतर कमी केलं की जोर सोडतं. गोलकीपर काढला की घाई संपते. पहाटे मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारताना मला जेवढं डोकं चालवावं लागायचं, तेवढं तासाभराच्या शिकवण्यात लागत नसे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो न मारणाऱ्या पायावर. बघणारे सगळे मारणाऱ्या पायाकडं बघतात, पण चेंडू कुठं जाणार हे निम्म्याहून अधिक दुसऱ्या पायानं ठरतं. तो चेंडूच्या बाजूला, पोराच्या स्वतःच्या एका वितीवर टेकला पाहिजे आणि त्याचं टोक जिकडं चेंडू पाठवायचा तिकडं पाहिजे. पाय मागं राहिला की अंग मागं झुकतं, मारणारा पाय चेंडूच्या खालून जातो आणि चेंडू आभाळात. फार जवळ टेकला तर मारणाऱ्या पायाला जागाच उरत नाही, मग तो अडखळून टोकच लागतं. हे सगळं सात वर्षांच्या पोराला सांगून बघा. ते तुमच्या तोंडाकडं बघेल, मग आभाळातल्या घारीकडं.

म्हणून जमिनीवर पाऊल काढायचं ठरवलं. चेंडूची जागा ठरलेली, बाजूला फक्कीचं पाऊल, त्यावर पाय टेकायचा आणि मारायचं. हातानं काढलेलं पाऊल धड दिसेना. एका मुलीच्या आईनं दिवाळीतला रांगोळीचा छाप आणून दिला, लक्ष्मीच्या पावलांचा. छान उमटला. दुसऱ्या दिवशी तिच्या आजी काठी टेकत हजर. ‘लक्ष्मीच्या पावलावर बूट घालून नाचायलाय व्हय रं? आणि शिकवणारा कोण, तू?’ आजींचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. मग एका पोराचा बूट पुठ्ठ्यावर ठेवून त्याच्याभोवती रेघ मारली, आत कापलं आणि तो छाप केला. उजव्या पायानं मारणाऱ्यासाठी डाव्या बुटाचा, डाव्या पायाच्यासाठी उजव्याचा. पुठ्ठा दवानं भिजून मऊ पडायचा, तेव्हा पुढं पत्र्याचा करून घेतला.

या छापानं दोन कामं झाली. एक तर पोराचे डोळे खाली राहिले. आपल्याला पाऊल दिसलं पाहिजे म्हणून ते चेंडूकडंच बघत येऊ लागलं. आणि धावत येण्याचं अंतर आपोआप घटलं, कारण लांबून सुसाट येऊन नेमक्या पावलावर पाय टाकणं जमत नाही. दोन-तीन पावलांवरून यायला लागली. मी त्यांना ‘लांबून येऊ नका’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. छाप काही दिवसांनी निम्म्या चेंडूंशेजारीच काढला, मग एखाद्याच, मग बंद. ज्यांची सवय मोडली त्यांच्यासाठी पुन्हा काढला.

लेसवरनं मारणं, म्हणजे पावलाच्या वरच्या हाडावरनं, हे शिकवताना वेगळीच भीती आडवी आली. पाऊल खाली ताणून मारायचं, तर बोटं जमिनीला घासतील असं पोरांना वाटतं. आणि सरळ समोरून धावत आलं तर घासतातही. आमचं मैदान मुरमाड, एकदा अंगठा घासला की पुढचे चार दिवस पाऊल ताणायची हिंमत होत नाही. उपाय सोपा आहे. थोडं तिरकं यायचं. तिरकं आलं की मारणारा पाय बाजूनं फिरतो आणि ताणलेल्या पावलाला जमिनीपासून जागा मिळते. इथंही सांगण्याऐवजी मी चेंडूच्या मागं दोन कोन ठेवून तिरकी वाट केली आणि त्याच वाटेनं यायला लावलं.

त्याआधी बरेच दिवस आम्ही धावलोच नव्हतो. बूट काढून बसायचं, पाय पुढं पसरायचे, चेंडू दोन्ही हातांनी पायावर सोडायचा आणि पावलाच्या वरच्या भागानं परत हातात उडवायचा. अनवाणी पायाचा मोठा फायदा असा, की बोटाला लागलं तर लगेच कळतं आणि हाडावर बरोबर बसलं तर तेही कळतं. माझ्या शंभर सूचनांपेक्षा अंगठ्याची एक कळ जास्त शिकवते. चेंडू मऊ होता म्हणून हे चाललं. टणक चेंडूवर हे करू नये. मग उभं राहून, हातातला चेंडू सोडून जाळीत. घोटा ढिला असला की पाऊल लडबडतं आणि चेंडू भलतीकडं जातो. ‘घोटा आवळ’ म्हटलं तर पोरं दातच आवळायची. ‘बुटात बोटं मुडप’ म्हटल्यावर घोटा आपोआप ताठ व्हायला लागला.

काय बोलावं याबद्दल थोडं सांगतो. क्रीडाशास्त्रात गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेनं नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून बरेच प्रयोग केले आहेत. शिकणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या अवयवांकडं वळवण्यापेक्षा त्या हालचालीच्या परिणामाकडं वळवलं तर बहुधा शिकणं चांगलं होतं, असा त्यांचा सूर आहे. वाचायच्या आधीपासून मला एवढं दिसत होतं, की ‘गुडघा चेंडूवर आण’ म्हटलं की पोर लाकडाच्या बाहुलीसारखं होतं, आणि ‘त्या पोत्याला खाली भोक पाड’ म्हटलं की गुडघा आपला आपण चेंडूवर येतो.

आवाजाचा खेळ मात्र पोरांनीच शोधला. चेंडू हाडावर बरोबर बसला तर ठप्प असा भरीव आवाज येतो, टोकानं मारला तर नुसता टक. एका डावऱ्या पायाच्या पोराचा पहिल्यांदा नीट बसला तेव्हा शेजारचा ओरडला, ‘आरं, हलगी वाजली!’ तेव्हापासून आमच्याकडं हलगी हेच माप झालं. एकानं मारायचं, बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं आणि आवाजावरून सांगायचं, हलगी का टक. पाठ करून उभी असलेली पोरं जेवढी मन लावून ऐकायची, तेवढं माझं कधी ऐकलं नाही.

रांगेबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडं शूटिंगचा सराव म्हणजे एक गोल, एक लांब रांग, सर चेंडू ढकलणार आणि पोरगं मारणार. पंधरा पोरं रांगेत आणि एकेकाला वीस सेकंद धरले तर प्रत्येकाची पाळी पाच मिनिटांनी येते. तासाभरात बारा वेळा पाय लागला. त्यातही चेंडू नाल्यात गेला की सगळे नाल्याकडं. रांगेतली पोरं मध्येच एकमेकांचे बूट सोडतात, माती उकरतात, आणि आपण म्हणतो पोरांत शिस्त नाही. शिस्त नाही हे खरंच, पण कामही दिलेलं नाही. चार गोल चार दिशांना, प्रत्येकाशी तीन-चार पोरं, एक मारणार, एक चेंडू आणणार, एक पाऊल बघणार, मग अदलाबदल. मी मधून फिरत राहायचो. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ गोंधळ दिसायचा.

बाहेरून बघणारे म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर बसणारी आमची गॅलरी. तिच्यात पेठेतले एक अण्णा, एके काळचे नावाजलेले फॉरवर्ड. रोज एकच तक्रार.

‘काय रं, पोरांना ढकलायला शिकवतोयस का मारायला? आमच्या वेळेला वस्ताद सांगायचे, फोड जाळी!’

‘अण्णा, सात वर्षांची हाईत.’

‘मग काय झालं? आम्ही सातव्या वर्षी कापडाच्या बॉलनं मारत हुतो.’

‘त्येच तर म्हणतोय. कापडाचा बॉल हलका आणि मऊ हुता. पाच नंबरचा न्हवता.’

अण्णा यावर गप्प बसले, पण पटलं म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून ‘मार!’ म्हणणं चालूच ठेवलं.

पालकांशी थोडं सावधपणे बोलावं लागतं. एका पोराचे वडील रोज येऊन गोलाच्या मागं उभे राहायचे आणि प्रत्येक चेंडूला शेरा मारायचे. पोर मारायच्या आधी चेंडूकडं न बघता बापाकडं बघू लागलं. मी त्यांना म्हटलं, ‘दादा, एक काम करा. गोलामागं थांबलाच आहात तर चेंडू आणून द्यायचं बघा, आम्हाला माणूस कमी पडतो.’ ते खरंच चेंडू आणून द्यायला लागले. धावून धावून दम लागायचा, शेरे आपोआप कमी झाले. आणखी एका आईचा प्रश्न वेगळा होता : ‘मुलीनं उजव्यानंच मारावं की डाव्यानंही?’ दोन्हीनं, असं माझं उत्तर. या वयात दुसरा पाय वापरायला पोरांना लाज वाटत नाही, दहा-अकराव्या वर्षी वाटायला लागते. प्रत्येक खेळाची शेवटची फेरी आम्ही ‘वाकड्या पायाची’ ठेवली होती आणि तिला गुण दुप्पट.

मध्येच एक पोरगं टाच दुखते म्हणून लंगडायला लागलं. पडलं नव्हतं, मार नव्हता. घरच्यांना वाटलं शाळा चुकवायचं निमित्त. डॉक्टरांनी सांगितलं, वाढीच्या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला हाड अजून पक्कं झालेलं नसतं, पोटरीचा स्नायू तिथंच ओढ घेतो, आणि कडक जमिनीवर फार धावणं-उड्या झाल्या की ती जागा दुखते. सीव्हर्स म्हणतात त्याला, बहुधा आठ ते चौदा या वयात खेळणाऱ्या पोरांना होतो आणि वाढ पूर्ण झाली की आपोआप जातो. विश्रांती आणि टाचेखाली मऊ गादी एवढ्यावर भागलं. त्यानंतर मी मुरमावर लोखंडी खिळ्यांसारखे टणक स्टड असलेले बूट बंद केले. बाजारात बारक्या मापात मिळतात म्हणून पालक हौसेनं घेतात. कडक जमिनीला तळाशी बारीक रबरी खुंट्या असलेले टर्फ बूट किंवा साधे कॅनव्हासचे चांगले.

हेडिंग, म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं, मी शिकवलं नाही. गोल करायचा तोही एक मार्ग आहे, पोरांनी मागणीही केली. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडिंग बंद आहे, इंग्लंडमध्ये २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या पोरांच्या सरावातून ते काढलं. एवढं मला पुरेसं होतं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि मैदानाचा चिखल झाला. कोल्हापुरात पावसाळ्यात मैदानांची तळी होतात, हे काही नवं नाही. तालमीच्या आत जागा होती, पण आतल्या लाल मातीच्या हौद्याजवळ वस्ताद चेंडू आणू देईनात, आणि तेही रास्तच. मग शाळेचा व्हरांडा. तिथल्या लांब भिंतीवर खडूनं खालच्या बाजूला चौकोन काढले. भिंतीवर मारलेला चेंडू परत येतो, म्हणजे मारणं आणि हलता चेंडू थांबवणं दोन्ही एकदम. बाहेर ज्याला कधी वेळ मिळाला नव्हता ते पावसानं करून घेतलं. परत येणारा चेंडू न थांबवता मारायचा तर पाय आधीच जागेवर हवा, आणि पोरं पावलं टाकायला शिकली. वरच्या वर्गातल्या बाईंनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा वेळ शाळा भरायच्या आधीची केली.

पाऊस ओसरल्यावर चार-चारचे सामने लावले, लहान गोल, गोलकीपर नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग आणली, तीही अशाच विचाराची होती. लहान मैदान, मोजके खेळाडू, जास्तीत जास्त पायाला चेंडू. सामन्यात पहिल्यांदा काय झालं? फक्कीची पावलं, तिरकी वाट, हलगी, सगळं हवेत विरलं. अंगावर कुणी आलं की बुटाचं टोक! मला वाईट वाटलं नाही. नव्यानं शिकलेलं दबावाखाली आधी सुटतंच. मी सामने थांबवून शिकवायच्या भानगडीत पडलो नाही. फक्त एक नियम घातला, गोल मोजायचा तर चेंडू गोलाच्या समोर आखलेल्या पट्ट्याच्या आतून मारलेला पाहिजे. लांबून ठोकून फायदा उरला नाही, मग पोरं जवळ जायला लागली. जवळ गेल्यावर जोराची गरज संपली आणि पायाची आतली बाजू परत आली.

टोकानं मारण्याला मी कायमचा गुन्हा मानत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २००२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या रोनाल्डोनं तुर्कस्तानविरुद्ध एकुलता एक गोल केला तो बुटाच्या टोकानंच. चोहोबाजूंनी अडवलेलं, पाय मागं घ्यायला जागा नाही, गोलकीपरला कळायच्या आत मारायचं, तेव्हा टोकाइतकं झटपट दुसरं काही नाही. फरक एवढाच की त्याला बाकीचं सगळं येत होतं आणि त्यानं ते निवडलं. थोरल्या गटातल्या एका पोरानं मोबाइलवर तो गोल दाखवून मला अडवलं, ‘सर, हे चालतं का?’ तुला दोन्ही पायांनी हलगी वाजवता आली की चालतं, म्हटलं.

या पोरांना मेस्सी, पोर्तुगालचा रोनाल्डो, एम्बापे सगळे पाठ. आपल्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाच्या आघाडीत खेळला, हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. त्या वेळी ही पोरं जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती. मी त्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न, ‘तो कुठल्या तालमीचा?’ कोल्हापूरचं पोरगं दुसरं काय विचारणार.

हंगाम संपता संपता एका स्पर्धेचं आमंत्रण आलं. आठ वर्षांखालचा गट, पण मोठा गोल आणि पाच नंबरचा चेंडू. काही पालकांना जायचंच होतं, चषक होता, फोटो होते. मी आयोजकांना चेंडू आणि गोल बदलता येईल का विचारलं, त्यांनी नियम दाखवला. आम्ही गेलो नाही. त्यावरून दोन पोरांना घरच्यांनी दुसरीकडं घातलं. त्यातलं एक अजून अधूनमधून भिंतीवर अण्णांच्या शेजारी येऊन बसतं, आणि कुणी टोकानं मारलं की अण्णांच्या आधी तेच ओरडतं, ‘टक!’